अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मल

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. सध्या टेबलाच्या दुसऱ्या खणात राहतो. शेजारी तीन वाळलेली पेनं, कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली आणि एक खोडरबर आहे. खोडरबर जरा गर्विष्ठ आहे, कारण तो अजून अधूनमधून बाहेर जातो.

प्रोसेसर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. मी संगणकाचा मेंदू. दिसायला बिस्किटाएवढा, चपटा आणि चौकोनी. पाठीवर धातूचं झाकण आणि पोटाखाली हजारावर सोनेरी पाय. एवढे पाय असूनही मी आयुष्यात एक पाऊल चाललेलो नाही. माझ्या आत चार कोअर आहेत. कोअर म्हणजे आत बसून काम करणारी माणसं समजा. चौघंही कष्टाळू आहेत आणि चौघांचं आपसात पटतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही आमच्याबद्दल बरंच वाईटसाईट ऐकणार आहात.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतात, फक्त डोळे दिसतात. त्यामुळे मला ज्यांनी घडवलं ते रस्त्यात भेटले तरी मी ओळखणार नाही. तपासणीच्या यंत्राने मला तास-दीड तास हवं तसं राबवून घेतलं आणि माझ्या क्रमांकापुढे हिरवी खूण केली. म्हणजे मी एकदम उत्तम. तेव्हा मला वाटलं, ही तर सुरुवात आहे. मित्रांनो, ती पहिली आणि शेवटची शाबासकी होती.

पुढे मी एका घरी आलो. घर तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. घरात तिघं. बाबा एका कारखान्यात पर्यवेक्षक होते. वस्तू गुंडाळायचा तो पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद असतो ना, तो तिथे बनायचा. आई मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती. आणि त्यांची मुलगी. तिला घरात बारकी म्हणत, जरी ती कॉलेजात जायची आणि बाबांपेक्षा दोन बोटं उंच होती. चौथे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ. ते राहायला दुसरीकडे होते, पण आमच्याकडे त्यांची स्वतःची चप्पल, स्वतःचा टॉवेल आणि स्वतःची खुर्ची होती. मामा लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं असं ते समजायचे. "सगळं लिफ्टसारखंच असतं," ते म्हणायचे, "काही वर-खाली जातात, काही जात नाहीत, एवढाच फरक."

या घराची एक पद्धत होती. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही. रिमोट पिशवीत होता. सोफ्यावर आवरण होतं, त्यामुळे पाहुणे बसले की विचित्र आवाज यायचा आणि पाहुणे उगाचच "मी नाही हं" असा चेहरा करायचे. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरचा पापुद्रा पिवळा पडला होता, म्हणून त्या खोलीत सकाळी नऊ वाजता सुद्धा संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. दारावरची घंटीही गुंडाळलेली होती. ती अंगठ्याने जीव खाऊन दाबावी लागे. पोस्टमन लाथच मारायचा.

बाबा म्हणायचे, "झाकलेली वस्तू जुनी होत नाही." हे ते चिकटपणाने म्हणत नसत. बारकी शाळेत जायला लागली त्या दिवशी त्यांनी तिची वह्या-पुस्तकं, डबा, पट्टी, पेन्सिली, सगळं एकेक करून गुंडाळून दिलं होतं. (खोडरबर सुद्धा. तो अजून सांगतो सगळ्यांना.) जीव लावायची त्यांना ती एकच रीत माहीत होती.

आता मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या पाच मिनिटांकडे येतो.

रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मामांनी संगणक जोडायला घेतला. मला माझ्या बैठकीत, म्हणजे खाचांच्या चौकटीत, बसवलं. माझे सगळे पाय नीट खाचांत गेले. माझ्या पाठीवर त्यांनी मटाराएवढी करडी पेस्ट ठेवली. तिच्यावर पंखा येणार होता. मित्रांनो, आम्ही काम करताना तापतो. तो पंखा म्हणजे आमचा श्वास. त्याला खाली तांब्याचा गुळगुळीत तळ असतो. तो तळ पेस्टमधून आमच्या पाठीला टेकतो, आमचा ताप शोषून घेतो आणि वाऱ्यावर सोडून देतो.

त्या तळावर एक पारदर्शक पापुद्रा होता. त्याच्या कोपऱ्याला लाल शेपटी होती आणि शेपटीवर परक्या भाषेत छापलं होतं, की बसवण्याआधी हा काढा.

"दाजी, हे सोलायचं असतं वाटतं," मामा म्हणाले.

बाबांनी पंखा हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "पन्नास मायक्रॉन जाडी," ते म्हणाले. "काय चिकटवलंय बघ. एक बुडबुडा नाही. हे कशाला सोलतोस? आतलं तांबं काळं पडेल."

"काढा म्हणून लिहिलंय."

"फ्रिजवर पण लिहिलं होतं. बिघडला का फ्रिज?"

मामांनी फ्रिजकडे बघितलं. त्यांनी खरोखर विचार केला. "नाही बिघडला," ते म्हणाले.

झालं. पापुद्र्यासकट पंखा माझ्या पाठीवर बसला आणि चारही स्क्रू आवळले गेले. लाल शेपटी तेवढी बाजूने बाहेर डोकावत होती. ती बाबांनी कात्रीने कापली. "आता कसं नीटनेटकं दिसतंय," ते म्हणाले.

मला ओरडायचं होतं. पण स्पीकर अजून जोडला नव्हता. आणि नंतर जोडला तेव्हा कळलं, की त्यातून मला जे सांगायला सांगतील तेच सांगता येतं.

मग माझी नोकरी सुरू झाली. पहिली गोष्ट अशी कळली, की ज्या खोक्यात मी बसलो होतो त्या अख्ख्या खोक्याला घरातले सगळे 'सीपीयू' म्हणतात. सीपीयू म्हणजे खरं तर मी. माझं नावही पत्र्याला गेलं. असो.

बारकी एक खेळ खेळायची. पाच जण इकडून, पाच जण तिकडून, मध्ये एक किल्ला. बारकीचं काम किल्ल्याचा दरवाजा राखण्याचं. तिचे हात काय चालायचे, मित्रांनो! माझे चारही कोअर तिच्या बोटांच्या मागे धावत असायचे. बाहेरच्या जगात ही मुलगी फार बोलायची नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर आईकडे बघायची. कॉलेजात हजेरीला 'हजर' म्हणायची ते मास्तरांना ऐकू जायचं नाही, म्हणून वर्षभर तिची गैरहजेरी लागली होती. पण कानावर हेडफोन चढवला की ती ओरडायची, "डावीकडून दोघं! मागे व्हा! दरवाजा माझा आहे, कोणी यायचं नाही!" त्या घरात आवरण नसलेली एकच वस्तू होती, तो तिचा आवाज.

हे सगळं पहिली अकरा मिनिटं.

बाराव्या मिनिटाला मी तापायचो. तुम्ही कधी भर दुपारी अंगात रेनकोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून पळाला आहात का? मी रोज पळत होतो. आणि आमच्यात असा नियम आहे, की फार तापलं की आपण आपला वेग कमी करायचा, नाहीतर जळून जाऊ. हा आळस नाही. पण बाहेरून तो अगदी आळसासारखा दिसतो. पडद्यावरचं चित्र अडकायचं. बारकीचा खेळाडू एक हात वर करून दरवाज्यात तसाच उभा राहायचा आणि शत्रू त्याच्या बगलेखालून किल्ल्यात शिरायचे.

संघातल्यांनी तिला 'पुतळा' नाव ठेवलं. "अरे पुतळ्यावर कबूतर बसलं बघ," कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. बारकीही हसायची. हेडफोन काढून ठेवला की हसायची नाही.

असं चार वर्षं चाललं. तिच्या बोटांना मी अकरा मिनिटांपलीकडे कधी पुरे पडलो नाही.

मग एक मोठी स्पर्धा जाहीर झाली. संघाची कप्तान एक बाई होती. ती कुठल्याशा दाताच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची. आम्ही तिला कधी पाहिलं नाही, पण तिच्या आवाजामागे कायम काहीतरी घासल्याचा आवाज यायचा. ती म्हणाली, "हे बघ पुतळा, तुझ्याइतका चांगला दरवाजा कोणी राखत नाही. पण अकराच मिनिटं. सामना पंचवीस मिनिटांचा असतो गं बाई. तीन आठवड्यांनी शनिवारी दुपारी निवड आहे. दरवाज्यासाठी आणखी एक मुलगी आलीये. तुझं मशीन तापतंय का ते आधी बघ. आकडा किती येतो ते सांग मला."

मित्रांनो, हा आकडा मी चार वर्षं दाखवत होतो! खोक्याच्या समोर, अगदी खाली, एक छोटीशी चौकट होती आणि तीत माझं तापमान उमटायचं. माझ्या मनातलं सांगायची मला दिलेली ती एकच जागा. पण खोका टेबलाखाली, चौकटीवर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर धूळ.

बारकीने सराव सुरू ठेवला आणि बाराव्या मिनिटाला हाक मारली, "आई, जरा वाकून तो आकडा बघ ना! माझे हात मोकळे नाहीत!"

आई नुकतीच ड्युटीवरून आली होती. अजून गणवेशातच होती. ती टेबलाखाली वाकली आणि तिने अंगठ्याने धूळ पुसली. चार वर्षांत माझ्याकडे थेट बघणारं ते पहिलं माणूस. मी सगळा जीव एकवटून आकडा लखलखीत ठेवला.

"अठ्ठ्याण्णव," आई म्हणाली. आणि ज्या बाईच्या हाताखालून हजारो ताप गेले होते, तिने सवयीने निदानही करून टाकलं. "अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मल. ताप नाहीये."

"आई नर्स आहे," बारकीने हेडफोनमध्ये सांगितलं. "ती म्हणते नॉर्मल आहे."

"नॉर्मल आहे ना? मग तापण्याचा प्रश्न नाही," कप्तान म्हणाली. "तुझा प्रोसेसरच म्हातारा झालाय. बदलून टाक."

मित्रांनो, माणसाला अठ्ठ्याण्णव असतात ते वेगळे. माझे अठ्ठ्याण्णव म्हणजे आणखी दोन अंश चढले की पाणी उकळतं. चहाचं आधण ठेवता आलं असतं माझ्यावर. पण हे सांगणार कोण? मी आणखी जोर लावला. नव्याण्णव केले. आई म्हणाली, "थोडी कणकण आहे," आणि हात धुवायला गेली.

मग माझ्या जागी कोणाला आणायचं याची चर्चा माझ्यासमोरच सुरू झाली. बारकीने वही काढली. कुठला प्रोसेसर माझ्याच बैठकीत बसतो, कुठल्याला सगळंच नवं लागेल, कुठला तिच्या खेळात किती चित्रं पळवतो, हे तिने पंधरा दिवस वाचून काढलं होतं. मी तिला कॉलेजच्या अभ्यासात एवढी रमलेली कधी पाहिली नाही. आणि हे सगळं तिला शोधून दाखवत कोण होतं? मीच. ती विचारायची, 'जुना प्रोसेसर मंद का होतो', आणि मी इमाने इतबारे उत्तरं आणून द्यायचो. एका पानावर सगळ्यात खाली लिहिलंही होतं, की पंखा नीट बसलाय का ते तपासा. तिथपर्यंत ती पोचायच्या आत मी तापलो आणि पान अडकलं.

"आठ कोअरचा घे," मामा म्हणाले.

"मामा, खेळाला आठ लागत नाहीत. सहा पुरतात, पण एकेक जण चपळ हवा."

"आठ माणसांच्या लिफ्टमध्ये सहा आरामात मावतात. सहाच्या लिफ्टमध्ये आठ घातले तर मलाच बोलवतात."

"ही लिफ्ट नाहीये मामा."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

शेवटी दुकानात जाऊन ठरवायचं ठरलं. मामा म्हणाले, नवी चप्पल घेताना जुनी मापाला नेतात तसा सीपीयू बरोबर न्यायचा. बाबांनी कारखान्यातून आणलेल्या कागदाने खोक्याला सात वेढे दिले. वाटेत धूळ लागायला नको. तुम्ही म्हणाल, अरे प्रोसेसरा, वायर काढलेली असताना तुला पुढचं ऐकू कसं आलं? मित्रांनो, फाटक्या छत्रीने आणि मोडक्या खुर्चीने आत्मवृत्त सांगितलं तेव्हा तुम्ही असले प्रश्न विचारले होते का?

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी आणि मध्ये एक थकलेला दुकानदार. त्याने तीन डबे काउंटरवर मांडले. बारकीने मधला उचलला. सहा कोअरचा, चपळ, माझ्याच बैठकीत बसणारा. तिचा हिशोब बरोबर होता हे मलाही मान्य करावं लागलं. मामा आठवाल्यावर अडून बसले. मग बाबांनी तिन्ही डबे एकेक करून उजेडात धरले आणि कडांवरून बोट फिरवलं.

"हाच," मधल्या डब्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "याचं रॅपिंग बघा. कोपरे बघा कसे बसलेत. ज्यांनी बाहेरून इतकं नीट केलंय, त्यांनी आत किती केलं असेल!"

अशी बारकीच्या पंधरा दिवसांच्या अभ्यासाची आणि कोपऱ्यांची एकाच डब्यावर गाठ पडली.

आणि तेवढ्यात दुकानदार ते वाक्य बोलला. "आधीचा फार तापतो का हो?"

"छे," बाबा म्हणाले. "एकदम नॉर्मल. घरात नर्स आहे आमच्या."

"तरी पण. नवीन घ्यायच्या आधी एकदा पंखा काढून, पुसून, ताजी पेस्ट लावून बघतात. कधीकधी तेवढ्यानेच भागतं. आणा इकडे, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटं! माझ्या चारही कोअरनी श्वास रोखला.

"पंखा मी बसवलाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "वीस वर्षांत माझी एक लिफ्ट पडलेली नाही."

पण दुकानदाराने तोवर ब्लेड उचललं होतं. "अहो, ब्लेड नको!" बाबा ओरडले. "सोलून काढा, परत वापरता येतो." दुकानदाराने कागदाचं टोक शोधायला सुरुवात केली. त्याने खोका फिरवला, उलटा केला, नखाने खरवडलं. टोक सापडेना. बाबांचं काम होतं ते. पाच मिनिटांनी पहिला वेढा निघाला. दहाव्या मिनिटाला दुसरा. मागे तीन गिऱ्हाईकं उभी राहिली. तिसरा वेढा काढून दुकानदाराने हात टेकले. "राहू द्या," तो म्हणाला. "नवीनच घ्या."

चार वेढे, मित्रांनो. माझ्यात आणि माझ्या आयुष्यात चार वेढे राहिले होते.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पुन्हा तीच जुनी चादर आली. मामांनी स्क्रू काढले आणि चार वर्षांनी पहिल्यांदा तो पंखा माझ्या पाठीवरून उचलला गेला. थंड हवा लागली. काय सांगू! मला वाटलं, आता बघतील. समोरच तर आहे. पापुद्र्यावर वाळलेली पेस्ट पसरली होती. मामांनी फडक्याने ती घासून घासून पुसली. पापुद्रा आरशासारखा चमकायला लागला.

"दाजी, बघा! चार वर्षांत एक ओरखडा नाही!"

"मग? सांगितलं होतं ना," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

नव्या प्रोसेसरबरोबर त्याचा स्वतःचा छोटा पंखा आला होता. पण मामांना तो आवडला नाही. "हे खेळणं आहे. आपला जुनाच घालू, अजून कोरा आहे."

बारकी टॉर्च धरून उभी होती. ती वाकली. त्या चमकत्या तळात तिला स्वतःचा चेहरा दिसला, किंचित पिवळसर. ती क्षणभर बघत राहिली.

"मामा, हे असंच असतं?"

"असंच असतं."

तिने मान डोलावली. चार स्क्रू पुन्हा आवळले गेले. मला नव्याच्या रिकाम्या कवचात ठेवून, वरून दोन वेढे देऊन, या खणात टाकलं. नव्याची आणि माझी भेट झाली ती एवढीच, एक जात असताना आणि एक येत असताना. तो तरुण होता. सहा कोअर, अंगावर डाग नाही. मी त्याला म्हणालो, "बाळा, बाराव्या मिनिटाला काही वाटलं तर घाबरू नकोस, तुझी चूक नसेल." तो हसला. त्याला मी हेवा करतोय असं वाटलं असणार.

दुपारी निवडीचा सामना सुरू झाला. खण थोडा उघडा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. बाबा सोफ्यावर आवाज न करता बसले होते, म्हणजे हालतच नव्हते. आई स्वयंपाकघराच्या दारात. मामा त्यांच्या खुर्चीत.

पहिली दहा मिनिटं बारकी जशी खेळली, तशी मी तिला कधी ऐकली नव्हती. "दरवाजा माझा आहे!" ती ओरडत होती. कप्तानने घासणं थांबवलं होतं. "वा पुतळा! आता तुझं नाव बदलायला लागणार!"

आणि मग मला पंख्याचा आवाज ऐकू आला. तो आधी हळूहळू चढतो आणि मग एकदम किंचाळल्यासारखा होतो. हा आवाज जगात फक्त मी ओळखतो. नवा बिचारा सहाच्या सहा कोअरनी धापा टाकत होता. तो माझ्यापेक्षा ताकदवान होता, म्हणून माझ्यापेक्षा लवकर तापला. साडेदहा मिनिटं झाली असताना त्याने हाय खाल्ली होती. अकरावं मिनिट पुरं व्हायच्या आत चित्र थांबलं.

"हल! पुतळा, हल! आत येतायत!"

बारकी कीबोर्डच्या कळा बडवत होती. नुसता खडखडाट.

किल्ला पडला. मग कप्तानने हळू आवाजात विचारलं, "मशीन बदललंस ना तू?"

"बदललं."

"नवा घातलास?"

"आजच सकाळी."

"मग गं?"

मी खणात पडून होतो. माझ्याकडे उत्तर होतं. जगात एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं.

"मग काही नाही," बारकी म्हणाली. हा तो हजेरीचा आवाज होता. "म्हणजे मशीन नव्हतंच. मीच आहे."

तिने हेडफोन काढला. तिची जागा त्या नव्या मुलीला मिळाली. आठवडाभराने बारकीने खेळच संगणकावरून काढून टाकला. आई म्हणाली, "अगं, एक खेळ तर गेला." मामा म्हणाले, "होतं असं. काही माणसांना उंचीवर चक्कर येते, त्यात लिफ्टचा काय दोष?" त्यांना समजूत घालायची होती.

आता त्या संगणकावर बाबा कारखान्याच्या पाळ्यांचे तक्ते भरतात. तक्ते भरताना कोणी तापत नाही. "नवा एकदम झकास आहे," बाबा रोज सांगतात, "एकदा अडकला नाही." आणि बारकी ते ऐकते, आणि प्रत्येक वेळी तिला आणखी खात्री पटते.

हेडफोन टेबलावर तसाच पडून होता. एका रविवारी बाबांनी तो उचलला, मऊ कापडाने पुसला आणि अगदी हळुवारपणे त्याला कागदाचे वेढे दिले. कोपरे नीट बसवले. "तुला परत लागेल तेव्हा नवा कोरा असेल बघ," ते म्हणाले. बारकीने त्यांच्याकडे बघितलं. "हो बाबा," ती म्हणाली. मग त्यांनी तो माझ्याच खणात ठेवला. ज्यातून तो आवाज ओरडायचा, ती दोन कानांची वस्तू आता माझ्या शेजारी गुंडाळून पडली आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. खोडरबर सुद्धा गप्प असतो हल्ली.

मित्रांनो, मला परत कामावर घ्या असं मी म्हणत नाही. माझं वय झालं. फक्त एवढंच सांगतो, की वस्तूंना जीव लावा, पण त्यांना तुमचा जीव लागतोय की त्यांचा जीव गुदमरतोय, हे अधूनमधून हात लावून बघा. आणि आकडा दिसला तर तो कोणाचा आहे ते आधी विचारा.

आणि एक काम करा. तुमच्यापैकी कोणी त्या घरी गेलंच, तर टेबलाखालचा खोका ओढा. चार स्क्रू आहेत. पंखा उचला. शेपटी शोधू नका, ती कापली आहे. डाव्या कोपऱ्यातून नखाने खरवडा, तिथे पापुद्रा थोडा सुटलेला आहे. तो सोला आणि बारकीच्या हातात द्या. तिला काही समजावून सांगायची गरज नाही, ती हुशार आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. फक्त घंटी दाबताना अंगठ्याने जोर लावा. हळू दाबली तर आत ऐकू जात नाही.